छी म्हणजे सात! सणांच्या खेळांतून लेकरांना चिनी शब्द कसे शिकवायचे

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित अवतार. ज्यांचा डेटा संपलाय, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांना शब्दांचे उच्चार डोळ्यांसमोर हवेत, त्यांच्यासाठी. या भागात उच्चार बरेच आहेत, त्यामुळे ऐकलं असलं तरी एकदा नजर टाका.

नव्या श्रोत्यांसाठी थोडी ओळख. मी गेवराईचा, बीटेक, पुण्यातल्या कंपनीसाठी घरूनच काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. कामात चिनी बनावटीच्या चिप येतात आणि त्यांची माहितीपत्रकं पुष्कळदा आधी चिनीत निघतात. म्हणून पुण्यात असताना संध्याकाळच्या क्लासला जाऊन थोडी चिनी शिकलो. थोडी म्हणजे किती? एचएसके नावाची चिनी भाषेची परीक्षा असते. तिच्या जुन्या पद्धतीत पहिली पायरी १५० शब्दांची आणि दुसरी ३०० शब्दांची. मी त्या दुसऱ्या पायरीवरचा माणूस. पंडित नाही. पण गेल्या दिवाळीपासून रोज संध्याकाळी तीन लेकरांना चिनी शब्द शिकवतोय: माझी भाची आणि शेजारची दोन भावंडं. काय चाललं, का चाललं आणि तुमच्या घरी कसं करता येईल, ते आज सांगतो.

पण चिनीच का?

हा प्रश्न मला दूध घालायला येणाऱ्या भाऊंपासून सगळ्यांनी विचारलाय. "त्या चीनची भाषा कशाला?" २०२० साली गलवान झालं, टिकटॉकसकट कितीतरी ॲप बंद झाली. त्याच वर्षी नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्यात माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांची उदाहरणं दिली आहेत: कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. २०१९ च्या मसुद्यात चिनीचं नाव होतं, अंतिम धोरणात ते राहिलं नाही. म्हणजे शाळेतून ही भाषा पोरांपर्यंत येण्याचा रस्ता अरुंदच. उरलं घर.

माझं उत्तर साधं आहे. शेजाऱ्याशी पटो न पटो, तो काय बोलतो ते कळलेलं बरं. आणि पटतं तेव्हा तर हवंच. गेवराईतून जो धुळे-सोलापूर रस्ता जातो ना, त्याच्या सोलापूरच्या टोकाला १९१० साली एक मुलगा जन्मला: द्वारकानाथ कोटणीस. डॉक्टर झाला आणि १९३८ साली जपानने चीनवर केलेल्या हल्ल्यातल्या जखमींवर उपचार करायला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेला. तिथे चिनी शिकला. क्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी लग्न केलं. १९४२ साली मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं इन-ह्वा. 'इन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, डॉक्टर तिथेच वारले. लेकरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे पहिले दोन चिनी शब्द तिथेच शिकून झाले.

आणि 'खेड्यातल्या पोरांना हे झेपेल का' असं वाटत असेल तर गाडीवाटचं उदाहरण घ्या. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण २५ किलोमीटरवरचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ साली परदेशी भाषा शिकवायची ठरवली आणि चौथी ते आठवीच्या मुलांनाच विचारलं, कोणती हवी? रोबोट आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने पुष्कळ मुलांनी जपानी निवडली, आणि बोलायलाही लागली. मराठवाड्यातलीच लेकरं ती. आपली वेगळी कुठेत?

देवनागरी ही आपली लॉटरी

इंग्रजी माध्यमातून चिनी शिकणारे सगळ्यात आधी उच्चाराला अडखळतात. रोमन लिपीत कुत्र्याचा शब्द 'जी'ने सुरू होतो आणि तोंडाचा शब्द 'के'ने. वाचणारा म्हणतो 'गौ' आणि 'कौ'. खरं तर चिनीत तिथे 'ग' नाहीच. फरक आहे तो 'क' आणि 'ख'चा. कुत्रा म्हणजे कौ, तोंड म्हणजे खौ. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक घोटावा लागतो, आपल्याला पहिलीतच येतो. तसंच मोठा म्हणजे ता, तो किंवा ती म्हणजे था. आठ म्हणजे पा, चढणे म्हणजे प्हा. यातला 'प्ह' ओठ मिटून हवा सोडत म्हणायचा, पंख्याच्या 'फॅन'मधला फ नाही.

दुसरी गंमत. मराठीत 'च' दोन आहेत. 'चाक' म्हणताना एक आणि 'चहा' म्हणताना दुसरा. हिंदीवाल्यांकडे हा फरक नाही, आपल्याकडे आहे आणि चिनीतही आहे. 'लवकर' किंवा सकाळचं नमस्कारासारखं जे म्हणतात ते चाओ, 'चाक'मधला च. 'नाव असणे' या अर्थाचा शब्द च्याओ, तो 'चहा'मधला च. आणि चहा हा शब्द तर मुळात चिनीच, तिकडे छा. लिचीसुद्धा तिकडचीच. म्हणजे लेकरू शून्यापासून सुरुवात करत नाही. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा, छाती फुगते.

सूर: पतंगाच्या चार चाली

आता खरी अडचण. चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो. मराठीतही आपण सूर बदलतो, पण त्याने वाक्याचा भाव बदलतो. 'हो' हे कसंही म्हणा, अर्थ होकाराभोवतीच फिरतो. चिनीत तसं नाही. मा उंच, सपाट सुरात म्हटलं तर आई. खालून वर नेलं तर ताग. खाली बुडवून वर काढलं तर घोडा. वरून खाली आपटलं तर रागावणे.

हे समजावायला मला संक्रांत कामी आली. गच्चीवर पतंग चालू होते, तेव्हाच चार चाली ठरवल्या:

पहिला सूर: पतंग उंचावर स्थिर. डॉक्टरांपुढे 'आऽऽ' करतो तसा.
दुसरा सूर: पतंग वर चढतोय. आश्चर्याने 'काय?' विचारतो तसा.
तिसरा सूर: पतंग गोता खातो आणि सावरतो. न पटल्यावर 'हंऽऽ' करतो तसा.
चौथा सूर: काटली! सरळ खाली. 'गप!' म्हणतो तसा.

शब्द म्हणताना हात पतंगासारखा फिरवायचा. एवढंच. शरीराच्या हालचालीला शब्द जोडला की तो चांगला टिकतो, यावर जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात भाषा शिकवण्याची अख्खी पद्धत उभी केली. आमच्या शेजारच्या धाकट्याला ती तीन मिनिटांत कळली. आता तो दिवसभर 'मा' म्हणत हात आपटत फिरतो. योगायोग असा की येत्या १७ फेब्रुवारीला, मंगळवारी, चिनी नवं वर्ष सुरू होतंय आणि ते घोड्याचं वर्ष आहे. म्हणजे 'मा', तिसरा सूर. चूक झाली तर घोड्याचं वर्ष आईचं होतं. लेकरं म्हणतात, मग काय बिघडलं?

पतंगाचा शब्द फंग-चंग. पतंग मूळचा चीनचाच मानला जातो, त्यामुळे खेळ त्यांचा, सण आपला.

त्यांचं पंचांग आणि आपलं

सणांच्या खेळांतून का शिकवायचं, याचं एक कारण असं की आपले आणि त्यांचे सण एकाच चंद्रावर चालतात. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो. आपल्याकडे अमावास्येला संपतो, चिनी महिनाही तसाच. त्यामुळे त्यांच्या महिन्याची पंधरावी तारीख म्हणजे पौर्णिमा. आपल्यासारखा अधिक महिनाही त्यांच्याकडे असतो. नवं वर्ष येतं ते पौष किंवा माघ अमावास्येच्या आसपास.

आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी त्यांचा शरद उत्सव असतो. घरचे सगळे चंद्र बघतात, य्वे-पिंग खातात. 'य्वे' म्हणजे चंद्र किंवा महिना, 'पिंग' म्हणजे भाकरीसारखा गोल पदार्थ. बऱ्याचदा हा उत्सव आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येतो, पण २०२५ साली त्यांना अधिक महिना आल्यामुळे तो ६ ऑक्टोबरला आला, नेमका आपल्या कोजागिरीला. गेवराईत दूध आटत होतं आणि तिकडे तोच चंद्र बघत होते.

म्हणून कोजागिरीचा खेळ आमचा लाडका. चंद्र य्वे-ल्यांग. दूध न्यौ-नाय, त्यात 'न्यौ' म्हणजे गाय. आणि ससा थू-त्स, कारण चंद्रावरचा ससा त्यांनाही दिसतो. आपण चंद्राला शशांक म्हणतो, म्हणजे सशाची खूण असलेला. चीनने २०१३ साली चंद्रावर जी गाडी उतरवली तिचं नावच 'यू-थू', म्हणजे पाचूसारख्या दगडाचा ससा. खेळ असा: एक जण 'य्वे-ल्यांग' म्हणाला की सगळ्यांनी वर बघायचं, 'न्यौ-नाय' म्हटलं की पेला उचलायचा, 'थू-त्स' म्हटलं की कान करून उडी. चुकला तो पुढचा हाळी देणारा. चुकणाऱ्याला बाहेर बसवायचं नाही, हे महत्त्वाचं. जो चुकतो त्यालाच सराव जास्त हवा असतो.

सणागणिक खेळ

*संक्रांत.* साखर किंवा गोळी म्हणजे थांग, गोड म्हणजे थ्येन. एका मुठीत तिळगूळ ठेवायचा, दोन्ही मुठी पुढे करायच्या, लेकराने 'थांग!' म्हणून मूठ ओळखायची. सूर बरोबर असेल तरच मूठ उघडायची. याला एक छान जोड आहे. चिनी नव्या वर्षाच्या आठवडाभर आधी घरोघरी चुलीच्या देवाला चिकट, गोड मिठाई देतात. तो वर जाऊन घराबद्दल सांगणार असतो, त्याचं तोंड गोड व्हावं म्हणून. तिळगूळ घेऊन गोड बोलायला आपणही सांगतोच की.

*दिवाळी.* आकाशकंदील म्हणजे तंग-लोंग. लाल होंग, पिवळा ह्वांग, निळा लान, पांढरा पाय. गल्लीत फेरी मारायची आणि दिसेल त्या कंदिलाचा रंग ओरडायचा. एका फेरीत पन्नास वेळा सराव होतो आणि कुणाला अभ्यास वाटत नाही. फटाके प्येन-प्हाओ. करंज्या करताना च्याओ-त्स सांगा. उत्तर चीनमध्ये नव्या वर्षाच्या रात्री घरचे सगळे मिळून हा पदार्थ करतात. आकार अगदी करंजीचा, फक्त उकडलेला आणि तिखट-मिठाचा. एखाद्यात नाणं लपवतात, ज्याला मिळेल तो नशीबवान. आमच्या घरी एका करंजीत बदाम लपवला होता.

*चिनी नवं वर्ष.* शुभेच्छा शिन न्येन हाओ. 'शिन' नवं, 'न्येन' वर्ष, 'हाओ' चांगलं. मोठी माणसं लहानांना लाल पाकिटात पैसे देतात, ते होंग-पाओ. लाल तुम्हाला आता येतोच, 'पाओ' म्हणजे पुडकं किंवा पिशवी. आपण पाकिटात एक रुपया वाढवून ११, ५१, १०१ देतो. ते सम आकडा बघतात, पण चार टाळतात. कारण चार आणि मरण यांचा उच्चार जवळपास एकच, फक्त सूर वेगळा. आठ मात्र आवडता. जुन्या लग्नपत्रिकांच्या लाल कागदाची पाकिटं करा, आत एकेक शब्दाची चिठ्ठी घाला. शब्द वाचून करून दाखवला की गोळी.

*उलटा 'फू'.* भाग्याचं अक्षर 'फू' लाल कागदावर लिहून दारावर मुद्दाम उलटं लावतात. कारण 'उलटा' आणि 'आला' हे दोन्ही शब्द ताओ असेच उच्चारतात. बघणारा म्हणतो 'फू उलटा झाला', ऐकू येतं 'भाग्य आलं'. श्लेषावर हसणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही.

आकडे: हा भाग चुकवू नका

आता ऐका, एक ते दहा: ई, अर्, सान, स, ऊ, ल्यौ, छी, पा, च्यौ, ष. सातला 'छी' म्हटल्यावर हशा पिकतो आणि तो आकडा जन्मात विसरत नाहीत. दहाचा 'ष' खरोखर जीभ मागे वळवून म्हणायचा. शाळेत षटकोनाचा ष लिहितो पण बोलताना श म्हणतो, तसं इथे चालत नाही.

दहापर्यंत आलं की शंभरपर्यंत आलं. अकरा म्हणजे 'ष-ई', दहा-एक. एकवीस म्हणजे 'अर्-ष-ई', दोन-दहा-एक. पंचाहत्तर म्हणजे 'छी-ष-ऊ'. नवीन शब्द एकही नाही. याउलट आपलं बघा: एकोणतीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर. जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' असं म्हणायची पद्धत दिली होती, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला. त्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. बाजू कोणतीही घ्या, मुलांची अडचण खरी होती. १९९५ साली अमेरिका आणि चीनमधल्या लहान मुलांच्या मोजण्याची तुलना झाली, तेव्हा फरक ठळक दिसला तो दहाच्या पुढच्या आकड्यांपासून. चिनी मुलं तिथे कमी अडखळत होती.

माझ्या भाचीचा अनुभव सांगतो. तिला एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळ व्हायचा. चिनीत 'ऊ-ष-च्यौ' म्हटल्यावर तिला पाच-दहा-नऊ असं उघड दिसलं. मग म्हणाली, "मामा, म्हणजे एकोणसाठ पन्नासच्या घरातला आहे!" चिनी शिकता शिकता मराठी आकडा सुटला. एका लेकरावरून सिद्धांत मांडत नाही, पण करून बघायला काय जातंय?

शब्द जोडायचे

चिनी शब्द पुष्कळदा दोन छोटे शब्द जोडून होतात, लेकरांना ते कोड्यासारखे वाटतात. मी अर्थ सांगतो, ते ओळखतात. 'विजेचा मेंदू'? संगणक, त्येन-नाओ. 'हातातलं यंत्र'? मोबाइल, षौ-ची. 'आगीची गाडी'? हे सगळ्यांना आलं, कारण आजी अजून आगगाडीच म्हणते. ह्वो-छऽ. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड आणि अहिल्यानगर यांच्यात पहिली रेल्वे धावली, तेव्हापासून आमच्याकडे या शब्दाला भाव आहे.

मोबाइल किती वापरायचा?

आपण सगळे मोबाइलवालेच, म्हणून हे स्पष्ट सांगतो. २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, एकूण १२ बैठका. काहींना तेच सगळं पडद्यावर किंवा नुसतं ऐकवून दाखवलं. माणसांबरोबर खेळलेल्या बाळांना चिनी ध्वनींतला फरक ओळखता आला. पडदा बघणाऱ्यांना नाही. प्रयोग बाळांवरचा आहे, आपली लेकरं मोठी आहेत, पण रोख लक्षात घ्या: युट्यूब लावून दिलं म्हणजे शिकवलं असं होत नाही.

मोबाइल मी दोनच कामांना वापरतो. एक, बरोबर उच्चार ऐकवायला, कारण माझे सूर काही चीनमधल्या माणसासारखे नाहीत. दोन, लेकरांचा आवाज रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवायला.

बाकी सगळं बुटाच्या खोक्यात. १८८५ साली हर्मान एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आधी झपाट्याने आणि मग हळूहळू विसरतं. म्हणजे विसरायच्या बेतात असताना आठवायला लावलं की काम होतं. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली त्यासाठी खोक्याची युक्ती लोकांपुढे आणली. खोक्यात तीन कप्पे करा. नवीन चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात, त्या रोज. बरोबर आली ती दुसऱ्यात, दोन-तीन दिवसांनी. पुन्हा बरोबर आली ती तिसऱ्यात, आठवड्याने. चुकली की पुन्हा पहिल्यात. आम्ही कप्प्यांना नावं दिलीत: अंगण, ओसरी, माजघर. दिवसाला तीन नवे शब्द, पंधरा मिनिटं, त्याच्या वर नाही. लेकरं 'अजून' म्हणत असतानाच थांबायचं.

ते दोघं आणि 'ह्वे च्या'

शेजारच्या दोन भावंडांबद्दल सांगायचं राहिलं. त्यांचे आई-बाप ऊसतोडीला गेलेत. बीडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. एक जोडपं म्हणजे एक कोयता. काही लेकरं सोबत फडावर जातात, शाळा तुटते. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांपाशी. हे दोघं आजीपाशी आहेत.

चीनमध्येही अशी लेकरं आहेत, फार मोठ्या संख्येने. आई-बाप शहरात कारखान्यांत, बांधकामांवर. लेकरं गावी आजी-आजोबांकडे. त्यांच्यासाठी चिनीत वेगळा शब्दच आहे: ल्यौ-षौ अर्-थोंग, मागे राहून घर राखणारी मुलं. नव्या वर्षाला हे आई-बाप घरी येतात. त्या काळातल्या प्रवासाच्या गर्दीलाही नाव आहे, छुन-युन. तिचा हंगाम ४० दिवसांचा धरतात आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या वार्षिक प्रवासांत तो मोजला जातो. घरी परतणे म्हणजे ह्वे च्या.

हा शब्द लेकरांना शिकवावा का, हे मी आधी त्यांच्या आजीला विचारलं. आजी म्हणाली, "शिकव की. पर दिस मोजून देऊ नगंस. कारखान्याचा पट्टा कवा पडंल त्ये कुनाच्या हातात हाय का?" बरोबर होतं तिचं. म्हणून आम्ही पाडव्याचे दिवस मोजतो. पाडवा १९ मार्चला आहे, तो कुणाच्या मर्जीवर नाही. १ फेब्रुवारीला ४६ दिवस होते, 'स-ष-ल्यौ'. रोज संध्याकाळी एक दिवस कमी. आई-बापांचा फोन आला की थोरली तो आकडा चिनीत सांगते आणि आईला ओळखायला लावते. फडावरची ती माऊली दिवसभर मोळ्या वाहून दमलेली असते, तरी तिला 'पा' आणि 'च्यौ' यायला लागलेत. परवा तिने फोनवर 'छी' म्हटलं आणि इकडे दोघं लोळून हसली.

थोरलीने एकदा विचारलं, "दादा, याचा मला उपयोग काय?" मी तिला नोकरीचं आमिष दाखवलं नाही. साठ-सत्तर शब्दांनी कुणी दुभाषी होत नाही, पन्नास वर्षं पुढचं मला दिसत नाही. तिला एवढंच सांगितलं की अवघड म्हणून लोक जिच्यापासून लांब राहतात ती भाषा तुला थोडी येते, आणि तू ती आईला शिकवलीस. पाचवीतल्या पोरीसाठी ही लहान गोष्ट नाही. इतर वेळी शिकवणारे सगळे बाहेरून येतात. इथे शिकवणारी ती आहे.

म्हणून पालकांना, काका-मामांना एकच सांगणं: परीक्षा घेऊ नका, पाहुण्यांपुढे 'बोलून दाखव' करू नका. लेकराला दुसऱ्या कुणाला तरी शिकवू द्या.

या आठवड्यात काय कराल?

१७ फेब्रुवारीला अजून वेळ आहे. लाल कागदाची पाच पाकिटं करा. पाच शब्द घ्या: मा (घोडा), होंग, थांग, छा, हाओ. पतंगाच्या चार चाली हाताने शिकवा. एक ते दहा रोज जिना चढताना मोजा. मंगळवारी सकाळी घरातल्या प्रत्येकाला 'शिन न्येन हाओ' म्हणायचं आणि पाकीट द्यायचं. पाकिटात आठ रुपये टाका, चार नको!

लेकरांचे 'छी' रेकॉर्ड करून ठेवा, पुढच्या वर्षी ऐकायला मजा येईल. पुढच्या भागात जुन्या मोबाइलचं घरगुती हवामान केंद्र कसं करायचं ते बघू. तोवर काळजी घ्या. चाय-च्येन! म्हणजे पुन्हा भेटू.